सासऱ्याच्या रायफलीला चकती

मूसचा परवाना मला लागला, आणि तिथूनच माझं चुकत गेलं.

आमच्या उत्तर सरहद्दीवरच्या खोऱ्यात मूस मारायचा तर आधी सोडतीत नाव निघावं लागतं. घोड्याहून उंच, डोक्यावर दोन सुपं बांधल्यासारखी शिंगं आणि चेहऱ्यावर पेन्शनच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा भाव, असं हे जनावर. अर्ज हजारो जण करतात, परवाना मूठभरांना मिळतो. माझे सासरे ओव्हिला लिझॉट सोडत सुरू झाल्यापासून एकही वर्ष न चुकता अर्ज करत आलेत. त्यांचं नाव कधी निघालं नाही. समोरच्या दोनाटचं दोनदा निघालं. रक्त बघून ज्याला घेरी येते त्या आमच्या दंतवैद्याचंही निघालं. मी बायकोच्या आग्रहावरून अर्ज केला आणि दुसऱ्याच वर्षी यादीत माझं नाव. त्या वेळी सासरेबुवा आपल्या प्लॉयवर काकवी ओतत होते. बटाट्याच्या या मुलखात भाकरीऐवजी ही गव्हाळ रंगाची धिरडी असतात. त्यांनी मान वर केली नाही. "अभिनंदन, जावईबापू," म्हणाले आणि काकवी ताटाबाहेर टेबलावर येईपर्यंत ओततच राहिले. यात माझा अपमान आहे हे मी लगेच ओळखलं.

मी विमा कंपनीत नुकसानीचे पंचनामे करतो. छप्पर बर्फाने पडलं की मालकाने आतून ढकललं, हे ओळखणं माझा धंदा. सासरेबुवा आयुष्यभर जंगलात लाकूड तोडत आलेले. ज्याच्या हातावर करवतीची एकही खूण नाही अशा माणसाला मुलगी दिली, हे दुःख त्यांनी एकतीस वर्षं अतिशय सभ्यपणे सांभाळलं होतं. मला ते 'तुम्ही' म्हणत, आणि ते 'तुम्ही' शिवीपेक्षा लागायचं.

परवान्यावर एक जोडीदार घेता येतो. गोळी दोघांपैकी कुणीही झाडावी, मूस मात्र एकच. मी त्यांचं नाव सुचवलं. त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाचा हा पहिला मूस, आणि उघडच शेवटचा. मग म्हणाले, येईन, पण माझीच रायफल घेऊन येईन. एवढ्यावर थांबले असते तर घर शांत राहिलं असतं. पण त्यांनी पुढे जोडलं, "फक्त तिची मागची खाच हल्ली जरा धूसर दिसते."

आता ही रायफल. त्यांच्या वडिलांची. खालचा दांडा पुढेमागे केला की काडतूस चढतं, त्या जुन्या पद्धतीची, आणि मधून फिरवली की नळी एकीकडे, दस्ता दुसरीकडे, असे दोन तुकडे होऊन चामड्याच्या पेटीत झोपणारी. मागे नळीवर एक खाच, टोकाला मोहरीएवढा लोखंडी खुंट, त्याला माशी म्हणतात. खाच, माशी आणि मूस तिन्ही एका रेषेत आणायचे. तरुण डोळ्याला तिन्ही दिसतात, म्हाताऱ्याला एका वेळी एकच, आणि तेही नको ते. मी दुर्बीण लावू म्हटलं. सासरेबुवा म्हणाले, रायफलीवर दुर्बीण लावणारा माणूस उद्या चर्चमध्येही दुर्बीण घेऊन बसेल.

मग उरली चकती. डोळ्याजवळ एक छोटी चकती, तिला बारीक भोक. भोकातून बघायचं, माशी मूसवर ठेवायची, बस. डोळा भोकाचा मध्य आपोआप शोधतो, असं पुस्तकात लिहिलं होतं. पुस्तकात सासऱ्यांबद्दल काही लिहिलं नव्हतं.

हे काम मी करतो, असं मी जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं. नोएला, म्हणजे माझी बायको, क्षणभर माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, कर. आमच्या लग्नात माझ्या कुठल्याही बेताला इतक्या लवकर होकार मिळाला नव्हता. पंचनामेवाल्याला तिथेच संशय यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दोनाट गॅरेजात हजर. हा निवृत्त कस्टम अधिकारी. पस्तीस वर्षं सरहद्दीच्या पुलावर लोकांच्या डिक्क्या उघडल्या, त्यामुळे दुसऱ्याच्या सामानात हात घालायला त्याला परवानगी लागत नाही. त्याने मला तीन पर्याय समजावले. एक, चकती अगदी मागे, मुठीच्या वर बसवायची. तिथे कारखान्यातच आटे पाडलेले असतात, नवं भोक नको. पण मग अंगठा ठेवायचा कुठे, याचं उत्तर आजवर कुणाला सापडलेलं नाही. दोन, चकती नळीवरच, जुन्या खाचेच्या जागी. रायफल खोलली-जोडली तरी नेम बदलत नाही, कारण माशी आणि चकती दोन्ही एकाच तुकड्यावर. पण ती डोळ्यापासून इतकी लांब की चकतीचा सगळा फायदाच गेला. तीन, दस्त्याला जोडलेल्या, काडतूस चढतं त्या मधल्या लोखंडी खोक्याच्या कडेला, डोळ्यापासून बेताच्या अंतरावर. हीच उत्तम. फक्त त्यासाठी खोक्याला दोन भोकं पाडावी लागतात.

"आणि भोकं पाडलीस," दोनाट म्हणाला, "की रायफलीची किंमत निम्मी आणि तुझी शून्य."

ही बातमी गावात माझ्याआधी पोचली. पोस्टात एका बाईंनी मला थांबवून विचारलं, म्हाताऱ्याच्या बापाच्या रायफलीला भोक पाडतोय तो तूच का. न्हाव्याने अर्ध्या हजामतीत कात्री थांबवली आणि आधी उत्तर मागितलं. शेवटी मीच हिंमत करून सासरेबुवांना विचारलं. ते म्हणाले, "पाडा. ती काय माझ्याबरोबर पुरायची आहे?" इतक्या सहज परवानगी मिळाल्यावर मला खरं तर थोडं वाईटच वाटलं.

जवळचा बंदुका दुरुस्त करणारा म्हणजे एल्डन. त्याने वही उघडली आणि मला फेब्रुवारीतला गुरुवार दिला. शिकार सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. मी घरी आलो आणि स्वतःच भोकं पाडायची ठरवलं. पहिलं भोक सुरेख पडलं. दुसरंही पडलं. मग आटे पाडायचं पोलादी हत्यार, म्हणजे टॅप, भोकातच मोडला. ज्यांना या क्षणाचा अनुभव नाही त्यांना एवढंच सांगतो, की आवाज अगदी बारीक येतो, सुपारी फुटल्यासारखा, आणि नंतर माणूस हातात उरलेला तुकडा उजेडाकडे धरून बघत बसतो. टॅपचं पोलाद रायफलीच्या लोखंडापेक्षा कडक. ते ड्रिलने निघत नाही, चिमट्याने निघत नाही, प्रार्थनेने तर नाहीच.

मी रायफल घोंगडीत गुंडाळून पुन्हा एल्डनकडे गेलो. त्याने भिंग लावून पाहिलं, मग भिंग काढून मला पाहिलं. तो दक्षिणेकडचा, इंग्रजी बोलणारा. आम्हा फ्रेंच बोलणाऱ्यांसारखा तोंडाचा पट्टा नाही. "विम्यात असता ना?" एवढंच म्हणाला. अशा कामाला मात्र त्याच्या वहीत जागा निघाली. तीन दिवसांत त्याने टॅप काढला, चकती बसवली, आणि मी निघताना बजावलं, हिचा मधला जोड झिजलेला आहे. एकदा नेम लावला की शिकार होईपर्यंत खोलू नका. चकती एका तुकड्यावर, माशी दुसऱ्यावर. केसाएवढा फरक पडला तरी गोळी वीतभर सरकेल.

हे मी सासरेबुवांना सांगायला हवं होतं, मान्य आहे. पण त्यांचीच रायफल कशी वापरावी हे त्यांना सांगणारा जावई अजून जन्माला यायचाय. शिवाय इतकी साधी गोष्ट त्यांना माहीत असणारच, असं मी धरून चाललो.

दरम्यान परवान्याच्या खिडकीवर वेगळंच निघालं. जोडीदाराच्या जुन्या लायसन्सवर नाव ओव्हिला, आणि जन्माच्या दाखल्यावर जोझेफ. आमच्या खोऱ्यात प्रत्येक मुलाचं बारशाचं पहिलं नाव जोझेफच असतं आणि ते पुन्हा कुणी उच्चारत नाही, हे खिडकीमागच्या नव्या मुलीला कसं कळणार. तिच्या मते ही दोन माणसं होती आणि परवान्यावर जोडीदार एकच चालतो. मी तिला शपथपत्र दिलं की जोझेफ आणि ओव्हिला एकच. तिने विचारलं, हे तुम्हाला कसं माहीत. मी म्हटलं, दोघांनीही मला एकतीस वर्षं सारखंच वागवलंय. तिने ते लिहून घेतलं नाही. चार फेऱ्या झाल्या, एक पत्र पाद्रीबाबांचं लागलं, तेव्हा शिक्का मिळाला.

आता नेम लावायचा. गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत शंभर पावलांवर कागद लावला. सासरेबुवांनी खांदा दुखतो असं सांगितलं. तुम्ही झाडा, मी खांदा मूससाठी राखून ठेवतो म्हणाले, आणि ट्रकच्या मागच्या फळीवर डोळे मिटून बसले. मी झाडायचो आणि ते नुसत्या आवाजावरून शेरे मारायचे. "चाप ओढलात, दाबला नाहीत." "श्वास धरून ठेवलात." कागदाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. माझी कामगिरी बघण्याच्या लायकीची नाही, असं त्यांना वाटत असावं, असं मी समजलो.

गोळ्या वर जात होत्या. चकतीचा स्क्रू खाली, अजून खाली, तळाला टेकला, तरी वरच. दोनाट म्हणाला, उंच माशी हवी. टपालाने उंच माशी मागवली, आता गोळ्या खाली. दोनाट म्हणाला, बरोबर, आता कानशीने थोडी थोडी घास. माशी घासली की गोळी वर येते. मी बेताने घासली आणि संध्याकाळी पाच गोळ्या कागदाच्या मधोमध लागल्या. त्या आनंदात मी दोनाटला मिठी मारली, ज्याचा मला अजून पस्तावा आहे. रायफल सासरेबुवांच्या हाती दिली. ती त्यांच्या खोलीत राहायची.

दुसऱ्या सकाळी खात्रीसाठी एक गोळी झाडली. वीतभर खाली. मी पुन्हा घासली. मधोमध. तिसऱ्या सकाळी चार बोटं वर. घासलेली माशी काही परत वाढत नाही, म्हणून दुसरी उंच माशी मागवली. मग खाली, मग मधोमध, मग डावीकडे. काडतुसं बदलली. चष्मा बदलला. दोनाटने वारा मोजायला खाणीत फडकं बांधलं, खडी विकणाऱ्याने ते काढायला लावलं. तीन आठवड्यांत मी तीन माश्या खाल्ल्या. रोज सकाळी, सासरेबुवांनी रायफल हाती दिली की, खाणीत ट्रकमध्ये बसून चोरासारखी कानस चालवायचो, कारण रोज नेम चुकतो हे सासऱ्याला कळू द्यायचं नव्हतं. ऑफिसात एका शेतकऱ्याच्या जळालेल्या कोठाराचा पंचनामा करताना मी कारण या रकान्यात 'माशी जास्त घासली' असं लिहिलं. साहेबांनी मला दोन दिवस रजा घ्यायला सांगितलं.

शिकारीच्या आदल्या दिवशी, काय पुण्य होतं कोण जाणे, पुन्हा पाचही गोळ्या मधोमध. मी कानस कुलपात टाकली.

मोसमाच्या चौथ्या सकाळी धुक्यात आम्ही दोघं तोडलेल्या जंगलाच्या कडेने ट्रकमधून चाललो होतो. तीन दिवस काहीच दिसलं नव्हतं. आणि मोसम सहाच दिवसांचा. वळण घेतलं तर दीडशे पावलांवर, ओल्या मोकळ्या पट्टीत, मूस. प्रचंड नर. मी ट्रक थांबवला, दोघं हळूच उतरलो. मी मागे वळून कुजबुजलो, रायफल. सासरेबुवांनी सीटखालून चामड्याची पेटी काढली. पेटीत रायफल होती. दोन तुकड्यांत.

"पपा, ही कधी खोललीत?"

"काल. जेवल्यावर. रोज खोलतो."

"रोज?"

"रोज. पुसतो, जोडतो, परत खोलतो, परत जोडतो. खाणीत जाताना तुम्हाला जोडून देत होतो. का?" मग त्यांनी नळी हातात घेतली, टोकावरून बोट फिरवलं आणि डोळे बारीक केले. "आणि ही माशी रोज कमी कशी होते, हे मला विचारायचंच होतं."

"मी घासत होतो. रोज सकाळी."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मूसही आमच्याकडे बघत होता आणि तोंडातली पानं चघळत होता. एकतीस वर्षांत आमचं इतकं मोकळं बोलणं झालं नव्हतं.

त्यांनी नळी दस्त्याला लावली, पाव वळसा फिरवली, काडतूस सारलं. नेम कुठे जाईल हे आता देवालाच ठाऊक. उपाय एकच, इतकं जवळ जायचं की कुठेही गेला तरी चालेल. आम्ही चिखलातून निघालो. सासरेबुवांनी माझ्या जाकिटाचं मागचं टोक धरलं होतं. मला वाटलं, माझा तोल जाईल म्हणून. शंभर पावलं, साठ, तीस. मूसने एकदा मान हलवली आणि मी एक पाय वर धरून थांबलो. वीस पावलांवर एका बुंध्याआड आम्ही गुडघे टेकले. त्यांनी रायफल बुंध्यावर टेकवली, गाल दस्त्याला लावला. मी कानात बोटं घातली. काही झालं नाही. मी बोटं काढली.

"मारा ना," मी पुटपुटलो.

"कुठे आहे?"

मला वाटलं चेष्टा करतायत. त्यांनी चेष्टा कधी केली नव्हती, तरी मला तसंच वाटलं.

"फर्नांड, मला दिसत नाही रे," ते म्हणाले. "कडेकडेचं दिसतं. मधलं सगळं गेलंय. भोक आहे, भोकात काही नाही. डॉक्टर म्हणतो हे परत येत नाही. हात विसरू नयेत म्हणून रोज खोलत होतो. नोएलाला सांगू नकोस, ती पेटी काढून घेईल."

माझ्या डोळ्यात पाणी आलं, आणि ते येण्याची ती वेळ नव्हती, कारण त्या घडीला आमच्या दोघांत मिळून डोळे माझेच होते. वीस पावलांवर आठशे पौंडांचं जनावर चघळत उभं होतं. मी म्हटलं, पपा, रायफल सोडू नका. मी त्यांच्या मागे सरकलो, छाती त्यांच्या पाठीला लावली, पोट जिथे जागा मिळेल तिथे ठेवलं, हनुवटी त्यांच्या खांद्यावर. त्यांनी डोकं बाजूला घेतलं आणि त्यांच्या गालाच्या जागी माझा गाल आला. चकतीच्या भोकात मला माशी दिसली, स्वच्छ, काळी, आणि तिच्यापलीकडे नुसतं तपकिरी.

"डावीकडे. अजून. थोडं खाली. थांबा, तो हलला. उजवीकडे. थोडं. आता थांबा. पपा, दाबा. ओढू नका."

"मला शिकवतोस?" ते म्हणाले आणि दाबला.

रायफलीचा धक्का खांद्यात बसावा म्हणून दस्ता असतो. तो त्यांच्या खांद्यात होता. माझ्या वाट्याला चकती आली, सरळ डोळ्यावर. मी पाठीवर पडलो, वर धुकं होतं आणि त्यात बरेच तारे होते. मला पहिलं ऐकू आलं ते सासरेबुवांचं, "काय झालं? सांग ना, काय झालं?" मी एका डोळ्याने पाहिलं. मूस दोन पावलं चालला, विचारात पडला आणि जागेवर बसला, मग आडवा झाला. मी तसं सांगितलं. त्यांनी मला परत सांगायला लावलं. मग मी त्यांचा हात धरून त्यांना तिथवर नेलं आणि त्यांनी हाताने शिंग मोजलं, मान मोजली, कान हातात धरला. बराच वेळ ते तिथे बसले. मी त्यांच्या शेजारी बसलो.

मूस बाहेर काढायला दोनाटचं दोर गुंडाळून ओढणारं यंत्र आणि दोनाटचे सल्ले, दोन्ही लागले. दुपारी आम्ही, मारलेला मूस जिथे तोलून नोंदवतात त्या वजनकाट्याच्या दुकानाशी पोचलो तेव्हा अर्धं गाव जमलेलं. सासरेबुवा मूसच्या बाजूला काठी टेकून उभे, मुलं शिंगांवर चढतायत, आणि जो येतो तो आधी मूस बघतो आणि मग माझा डोळा. तोपर्यंत डोळा वांग्याच्या रंगाचा होऊन मिटला होता. नोंदणीवाल्याने विचारलं, कुणी मारला. ओव्हिला लिझॉट, मी म्हटलं. त्याने लिहिलं. सासरेबुवांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

नोएला कोंबडीच्या रश्शाचं पातेलं घेऊन आली. तिने वडिलांच्या दोन्ही गालांचं चुंबन घेतलं आणि मला दुकानाच्या मागे ओढलं. तिथे दुकानदाराकडून मागून घेतलेली गोठलेल्या मटारची पिशवी तिने माझ्या डोळ्यावर दाबली.

"कसं लागलं?"

सव्वीस वर्षं मी लोकांचं खोटं पकडत आलोय. "ट्रकचा दरवाजा," मी म्हटलं. "वाऱ्याने."

"दरवाजाला मधे भोक होतं वाटतं. गोल वण उठलाय."

मी पिशवी डोळ्यावर आणखी खाली ओढली. नोएलाला सांगू नकोस, असं पपांनी बजावलं होतं.

"पपांना दिसत नाही हे मला मार्चपासून माहीत आहे," ती म्हणाली. "रोज सकाळी मी त्यांना पेपर वाचून दाखवते. त्यांना वाटतं, मला मोठ्याने वाचायची सवय आहे."

"मार्चपासून? आणि मी तीन महिने ती चकती, ते टॅप, त्या माश्या... नोएला, मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू त्यांना नेलं असतंस?"

मी प्रामाणिकपणे विचार केला. आंधळा माणूस, भरलेली रायफल, धुकं. असला दावा माझ्या टेबलावर आला असता तर मी कागद पुरा वाचलाही नसता.

"नसतं नेलं," मी म्हटलं.

"म्हणून," ती म्हणाली, आणि पिशवी उलटी करून तिची गार बाजू माझ्या डोळ्यावर ठेवली.